सर प्रेस सोडत नाहीत, तेव्हा कर्णधाराने काय करायचं?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. ‘तू’ म्हणतोय, कारण तुझ्या वयाच्या मुलामुलींना शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजचा जिमखाना मी अनेक वर्षं सांभाळला. कबड्डीपासून कॅरमपर्यंत सगळंच बघावं लागायचं, पण जीव अडकला तो बास्केटबॉलच्या संघात.

तू लिहिलंस ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुलाही दिसेल. तू रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघाची कर्णधार. सर पहिल्या मिनिटापासून चाळिसाव्या मिनिटापर्यंत पूर्ण मैदानावर मॅन-टू-मॅन प्रेस लावायला लावतात, म्हणजे प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या मुलीला मैदानभर चिकटून राहायचं आणि चेंडू सुखाने पुढे येऊ द्यायचा नाही. कोकणातल्या संघांविरुद्ध तो चालतो. मुंबई-ठाण्याच्या संघांपुढे मात्र तिसऱ्या क्वार्टरला पाय गळतात, दोघी पाच फाउल होऊन बाहेर बसतात आणि सामना हातचा जातो. सलग तीन वर्षं हेच. तू 2-3 झोन सुचवलास, म्हणजे मुलीमागे न धावता दोघींनी पुढे आणि तिघींनी मागे आपापली जागा राखायची, तर सर म्हणाले, “झोन म्हणजे आळशांचा खेळ.” तर सरांना पटवायचं कसं, आणि नाहीच पटलं तर सामन्यात तू स्वतःच खूण करून मुलींना झोनमध्ये घ्यायचं का, असं तू विचारतेस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. असं करू नकोस. सरांच्या मनाविरुद्ध वगैरे सोडून दे, मैदानावर काय होईल तेवढंच बघ. तुझी खूण दोघींना दिसेल, एकीला अर्धवट कळेल, एक सरांच्या ओरडण्याकडे बघेल. तीन जणी जागा धरून उभ्या आणि दोघी आपापल्या मुलीमागे धावताहेत, यापेक्षा वाईट बचाव नाही. रिंगखाली कोणीतरी मोकळी सुटणारच. सावरायला थांबावं म्हटलं तर टाइमआउट मागायचा अधिकार प्रशिक्षकाचा किंवा सहायक प्रशिक्षकाचा, कर्णधाराचा नव्हे. आणि त्या एका दिवसानंतर तुझं कुठलंही म्हणणं सर ऐकणार नाहीत. एरवी कदाचित ऐकलं असतं.

आता मूळ अडचण. तू ती ‘प्रेस की झोन’ अशी मांडली आहेस. मला ती वेगळी वाटते. तुमच्या संघाकडे सराव करून पक्की केलेली दुसरी गोष्टच नाही. सामना चालू असताना प्रशिक्षक बदल करतो असं बाहेरून दिसतं, पण तो जून-जुलैत शिकवून ठेवलेल्या दोन-तीन गोष्टींतली एक फक्त बाहेर काढतो. पोतडीत एकच वस्तू असेल तर जगातला कुठलाही प्रशिक्षक तीच काढणार. वर तुमच्याकडे कोणी मोजत नाही. प्रेस कधी फुटतो आणि कधी चालतो हे ना सरांना नक्की माहीत आहे, ना तुला. दोघंही आपापल्या आठवणीवर भांडताय, आणि सरांची आठवण तुझ्यापेक्षा बरीच जुनी आहे.

पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. बेंचवर खरोखर खेळू शकतील अशा किती जणी आहेत? यादीत बारा नावं असतात, पण आमच्याकडे खेळण्यासारखे सात असले तरी ते वर्ष चांगलं म्हणायचो. सामन्यांना किती दिवस उरलेत? समोरच्या संघात लांबून शूट करणारी कोणी आहे का? सर पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आहेत, की दुसरा विषय शिकवून उरलेल्या वेळात संघ बघतात? ही उत्तरं मला माहीत नाहीत, म्हणून ‘झोनच लावा’ किंवा ‘प्रेसच बरा’ असा निकाल मी देणार नाही. सर का बदलत नाहीत, हे मात्र सांगू शकेन. कारण झोन आळशांचा खेळ आहे हे तुझ्या सरांचं वाक्य मी स्वतः दहा वर्षं बोललो आहे.

मी ते का बोलायचो? कोकणात कॉलेज सुरू होतं तेच पावसात. उघड्यावरचं सिमेंटचं मैदान जुलैत हिरवं होतं. आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने शेवाळ घासायचो, गोणपाटाने पाणी ओढायचो. तासाभरात पुन्हा पावसाची सर आली की सगळं पाण्यात. आठवड्यातून दोन दिवस कोरडं मैदान मिळालं तर नशीब. निम्मी मुलं एसटीने येणारी. शेवटची गाडी चुकली तर घरी पोचायची सोय नाही, म्हणून शूज घालून होईतो त्यांचं लक्ष घड्याळाकडे. मग गणपतीत आठ-दहा दिवस कॉलेज रिकामं. अशा तुटक्या वेळात मी एकच गोष्ट नीट शिकवू शकत होतो. मी प्रेस निवडला, कारण आमची मुलं कबड्डी खेळत वाढलेली. कमरेत वाकून पाय सरकवत राहणं त्यांच्या अंगातच होतं. उंची नव्हती, दम होता. 2000 साली आंतरराष्ट्रीय नियम बदलले, चेंडू पुढच्या अर्ध्यात न्यायला 10 ऐवजी 8 सेकंद राहिली आणि शॉटला 30 ऐवजी 24. प्रेसला तर पर्वणीच. आम्ही उंच उंच संघांना दमवून हरवलं, आणि त्या दोन-तीन वर्षांच्या आठवणीवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

म्हणजे खरं कारण हे होतं, की दुसरं काही शिकवायला माझ्याकडे वेळ नव्हता. पण ते मी मुलांना कधी सांगितलं नाही. सांगायचो ते, झोन आळशांचा. अडचण बोलून दाखवणं जड जातं, तत्त्व म्हणून सांगितलं की सोपं होतं. त्यात आणखी एक भीती असते. जुन्या पद्धतीने हरलो तर प्राचार्य म्हणतात, मुंबईचे संघ भारीच असतात. नवीन काही करून हरलो तर सगळे म्हणतात, सरांनी ऐन वेळी भलतंच काहीतरी केलं. तुझ्या सरांना यातलं काय लागू आहे ते तूच बघ. मला वाटतं, बरंचसं असेल.

माझा हट्ट सुटला तो रेल्वेत. मुंबईत हरून आम्ही दिवा-सावंतवाडी गाडीने परत येत होतो. कणकवलीकडचा एक मुलगा घोटा मुरगळल्यामुळे सामनाभर बेंचवर होता. खेडच्या पुढे तो माझ्यासमोर येऊन बसला. हातात फिजिक्सचं जर्नल. म्हणाला, “सर, रागाव नकात, पण एक दाखवतंय.” मी रागावलोच. हरल्याला एक दिवसही झाला नव्हता. जर्नल घेतलं आणि बंदच मांडीवर ठेवलं. करबुड्याच्या लांब बोगद्यातून गाडी बाहेर पडली, रत्नागिरीला चहा घेतला, तेव्हा कुठे उघडलं.

मागच्या कोऱ्या पानावर त्याने उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे लिहिलं होतं, ‘आपली बास्केट पडल्यावर’. त्याखाली: प्रेस 17 वेळा, चेंडू मिळाला 6, त्यांचा मोकळा लेअप (रिंगखाली जाऊन टाकलेला सोपा शॉट) 2. उजवीकडे, ‘आपला शॉट चुकल्यावर’. प्रेस 21 वेळा, चेंडू मिळाला 1, मोकळा लेअप 9. खाली फाउल, त्यातले बहुतेक उजव्या रकान्यात. बस्, एवढंच. ‘प्रेस बंद करा’ असं त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मी जर्नल तिथेच मिटलं असतं.

त्या पानाचा अर्थ खेळणाऱ्याला लगेच कळतो. आपली बास्केट पडली की समोरच्यांना चेंडू बेसलाइनबाहेरून आत टाकावा लागतो. तेवढ्या वेळात आपले पाचही जण आपापल्या माणसाला धरतात, प्रेस नीट लागतो. शॉट चुकला की रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, त्यांच्या हातात, चेंडू पुढे नेणारा त्यांचा गार्ड आधीच पळत सुटलेला, आणि आपले तिघे रिंगखाली. तिथून उलटं धावत प्रेस लावायचा म्हणजे फुटलेल्या बांधावर माती टाकण्यासारखं. मी मात्र दोन्हीला ‘प्रेस’ हेच एक नाव देत होतो, आणि सहा वेळा मिळालेला चेंडू मला आठवायचा. लेअपचा दोष कोणाच्या तरी आळसाला द्यायचो.

पुढच्या वर्षी आम्ही बास्केट पडल्यावर आणि फ्री थ्रो पडल्यावरच प्रेस लावला. शॉट चुकला की पाचही जण मागे, आणि अर्ध्या मैदानात मॅन-टू-मॅन. त्याच संघाकडून पुन्हा हरलो, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटापर्यंत सामना होता आणि माझे पहिले पाचही जण मैदानावर होते.

म्हणून माझा पहिला सल्ला हा, की सरांकडे झोन मागूच नकोस. निदान आत्ता तरी. त्याऐवजी एवढंच विचार: “सर, शॉट चुकला तर मागे येऊन हाफ कोर्टला मॅन-टू-मॅन धरू का? बास्केट पडली की प्रेस आहेच.” यात सरांची मॅन-टू-मॅन राहते, प्रेस राहतो, शिकवलेलं काही वाया जात नाही. धावणं कमी होतं, आणि तुझी तक्रार मुळात पायांची आणि फाउलचीच आहे. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. रिंगपासून वीस मीटर लांब हात मारून केलेला फाउलही त्या हिशेबात तेवढाच धरला जातो. मोकळ्या मैदानात, धोका नसताना केलेले ते फाउल वाचले तर तुमच्या त्या दोघी शेवटपर्यंत खेळतील.

झोनबद्दलही बोलतो, कारण सरांच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. मुलं झोन मागतात ती बऱ्याचदा विश्रांतीसाठी. दोघी पुढे, तिघी मागे, हात वर करून उभं राहायचं असं त्यांना वाटतं. तसा झोन दोन पासमध्ये फुटतो. चेंडू फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर एकीच्या हातात आला की मागच्या तिघींपैकी पुढे कोणी यायचं? कोपऱ्यात गेला तर तिथे कोण धावणार, आणि तिची जागा कोण भरणार? हे सगळं चेंडू हवेत असतानाच हलून झालं पाहिजे. रिबाउंडला तर आणखी कठीण. मॅन-टू-मॅनमध्ये प्रत्येकीला आपली मुलगी माहीत असते, शॉट सुटला की तिला पाठीवर घेऊन बॉक्स आउट करायचं. झोनमध्ये आधी शोधावी लागते, आणि शोधेपर्यंत सगळ्या चेंडूकडे बघत राहतात. आठ दिवसांवर सामने असताना झोन शिकवायला घेतलात तर आहे त्यापेक्षा वाईट हराल, आणि सर म्हणतील, बघ, सांगितलं होतं.

लांबून शूट करणाऱ्यांचाही हिशेब आहे. तीन गुणांचे दहापैकी चार पडले तर 12 गुण होतात. दोन गुणांचे तेवढे करायला दहापैकी सहा पडावे लागतात. समोर एक जरी खात्रीची शूटर असेल तर झोनमध्ये तिला जागा मिळत राहते. जाता जाता, तुमच्या मैदानावरची तीन गुणांची रेषा टेपने मोजून घे. 2010मध्ये ती 6.25 मीटरवरून 6.75वर गेली. आमच्या मैदानावर त्यानंतर कितीतरी वर्षं जुनीच रंगवलेली होती, आणि मुंबईत गेल्यावर आमच्या मुलांचे शॉट रिंगला टेकून खाली यायचे.

तरी झोन म्हणजे आळस हे खरं नव्हे. अमेरिकेत सिरॅक्यूस विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम बेहाइम यांनी 2-3 झोनवरच नाव कमावलं आणि 2003 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या झोनमध्ये कोणी उभं राहत नसे. आणि मॅन-टू-मॅनचा सगळ्यात मोठा आग्रही कोण, तर ड्यूक विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक क्रिझेव्स्की. पण जानेवारी 2015मध्ये त्यांचा संघ ओळीने दोन सामने हरला, तेव्हा पुढच्या सामन्यात, लुइव्हिलसारख्या संघाविरुद्ध त्यांच्याच मैदानावर, क्रिझेव्स्कींनी बराच वेळ झोन लावला आणि 63-52 असा सामना जिंकला. त्या वर्षी विजेतेपदही ड्यूकचंच. मॅन-टू-मॅन त्यांनी टाकून दिली नाही. संघ कोवळा आहे, पहिल्या वर्षाची मुलं जास्त आहेत, त्यांना आज काय झेपतंय, एवढं बघितलं. हे उदाहरण सरांना सांगशील तर नीट सांग. ‘एवढे मोठे प्रशिक्षक बदलले, तुम्ही का नाही’ असा सूर लागला की संपलं.

माझ्या मते तुझ्या जास्त कामाचं उदाहरण अमेरिकेतलेच प्रशिक्षक जॉन वुडन यांचं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्यांनी 1964 ते 1975 या काळात दहा विजेतेपदं मिळवून दिली, पण पहिलं मिळालं ते तिथे येऊन पंधरा वर्षं उलटल्यावर. त्या 1964च्या संघात कोणी फार उंच नव्हतं. त्यांचा गाजलेला 2-2-1 झोन प्रेस त्या हंगामात लावावा म्हणून मागे लागले होते सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन. संघ तीसच्या तीस सामने जिंकला. पुढे सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, आला तेव्हा वुडन यांनी आक्रमणाची मांडणी त्याच्याभोवती नव्याने बसवली. बघ, तुझ्या सरांचा लाडका प्रेस हासुद्धा कोणीतरी हाताखालच्याने सुचवलेला आणि वरच्याने ऐकलेला बदलच होता. हे सरांना आवडेल. मला आवडलं होतं.

आता सांगायचं कसं. आधी मोजणी. गणपतीच्या सुट्टीआधी जे दोन-तीन सराव सामने होतील त्यात त्या मुलाने केले तसेच दोन रकाने भरून घ्यायचे. बास्केट पडल्यावरचा प्रेस आणि चुकल्यावरचा प्रेस वेगवेगळा. प्रत्येकात चेंडू किती वेळा मिळाला, किती वेळा सरळ लेअप गेला, किती फाउल. क्वार्टरप्रमाणे पानं वेगळी ठेवा, म्हणजे दम कधी संपतो तेही दिसेल. आकडे तुझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी तसेच दाखवायचे. कदाचित असं निघेल, की प्रेस चारही क्वार्टर चालतोय आणि तुम्ही फ्री थ्रो चुकवून हरताय. तसं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि फ्री थ्रो मारायला लाग.

मग बोलायची वेळ. टाइमआउटमध्ये नको, तिथे साठ सेकंद असतात आणि ती सरांची. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. सगळ्या संघाला घेऊन जाऊ नकोस, मोर्चा आल्यासारखं वाटतं. सराव संपल्यावर सर स्टोअरमध्ये चेंडू मोजून ठेवत असतात ना, तेव्हा जा. सोबत एकच कोणीतरी, सरांना जिचा खेळ आवडतो अशी. आणि सुरुवात प्रश्नाने कर: “सर, तुम्ही प्रेस पहिल्यांदा कधी लावलात?” हे मनापासून विचार, युक्ती म्हणून नको. त्यांना सांगू दे. त्या गोष्टीत तुला कळेल, की तेव्हा बेंचवर किती जण होते, समोर कोण होतं, सरावाला किती वेळ मिळायचा. बऱ्याचदा सांगता सांगता माणसाच्या स्वतःच्याच लक्षात येतं, की तेव्हा दहा खेळणारे होते आणि आता सात आहेत. मग वही दे.

त्याबरोबर एक मागणी करता येईल जिला बहुधा ते नाही म्हणणार नाहीत: रोज दहा मिनिटं शेल ड्रिल. चौघी बाहेर चेंडू फिरवणार, चौघी बचावात. चेंडू जिच्यासमोर ती अंगावर, एका पासच्या अंतरावरची पासच्या वाटेत हात घालून, दोन पासच्या अंतरावरची रिंगच्या बाजूला मदतीला सरकलेली. प्रत्येक पासबरोबर चौघींनी जागा बदलायची, आणि तोंडाने ओरडून सांगायचं, “चेंडू!”, “मदत!” हे शुद्ध मॅन-टू-मॅनचं शिक्षण आहे, सरांना खटकण्यासारखं त्यात काही नाही. पण उद्या कधी झोन लावायची वेळ आलीच, तर लागणारे पाय हेच. पावसात मैदान बंद असेल तर चेंडूशिवाय, व्हरांड्यातही होतं. आम्ही खडूने जागा आखून करायचो.

आणि सर नाहीच म्हणाले तर? तेव्हाही तुझ्या हातात बरंच आहे. मला तर वाटतं, सगळ्यात मोठी गोष्ट तुझ्याच हातात आहे. प्रेस नीट लागतो बास्केट पडल्यावर. म्हणजे तुमचा प्रेस सुधारायचा रस्ता तुमच्या आक्रमणातून जातो. पाचव्या सेकंदाला घाईत मारलेला वाकडा शॉट हा समोरच्यांच्या फास्ट ब्रेकचा, म्हणजे वेगाने केलेल्या उलट हल्ल्याचा, पहिला पास असतो. तू गार्ड असशील तर एक पास जास्त फिरव, 24 सेकंदांतली पंधरा-अठरा वापर. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचं बघ. 2018 साली पहिल्या मानांकनाचा तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून 54-74 असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्यावर टीकेचा पाऊस पडला, तरी आपला बचाव त्यांनी सोडला नाही. आक्रमणात बॉल स्क्रीनचा, म्हणजे चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट सहकाऱ्याने उभं राहून अडवण्याचा, खेळ वाढवला, आणि पुढच्याच वर्षी तोच संघ विजेता झाला. मूळ तेच ठेवून दुसरीकडे सुधारणा करता येते, एवढं यातून तुझ्या कामाचं.

प्रेसच्या आतल्याही दोन-तीन गोष्टी सांगतो. सगळ्यात मागची मुलगी चेंडू चोरायला कधीही पुढे जाता कामा नये. तिच्यामागे फक्त रिंग आहे. मधला पास बंद करा. प्रेस कडेने फुटत नाही, मध्ये उभ्या असलेल्या उंच मुलीच्या हातात चेंडू गेला की फुटतो. ट्रॅप लावायचा, म्हणजे चेंडूवालीला दोघींनी घेरायचं, तर मधली रेषा ओलांडल्या ओलांडल्या, कडेच्या कोपऱ्यात. तिथे तिला मागे जाता येत नाही, बाहेर जाता येत नाही, दोन रेषा तुमच्या बाजूने खेळतात. कबड्डीत चढाईवाल्याला कोपऱ्यात घेऊन पकड करतात तसंच. आणि आपल्याला मागे टाकून कोणी निघून गेली तर तिच्या मागून चेंडूवर हात घालू नका. सरळ रिंगकडे धाव घ्या आणि तिच्या वाटेत उभ्या राहा. तुमच्या त्या दोघींचे पाच-पाच फाउल कुठे झाले ते आठवून बघ. निम्मे तरी मागून घातलेल्या हाताचे असतील. सरावात आम्ही एक नियम केला होता: मागून हात घातला की सगळ्या संघाने मैदानाला एक फेरी. पंधरा दिवसांत सवय मोडली.

वही कोणाकडे द्यायची ते विचार करून ठरव. जिला खेळायला कमी मिळतं पण जी सामना डोळ्यांनी पिते, अशी एक प्रत्येक बेंचवर असते. तिलाच दे. आणि सरांना वही दिलीस की तिथेच उभी राहून उत्तराची वाट बघू नकोस. “घरी बघा सर” म्हण आणि एसटी पकड. मला रत्नागिरीपासून कुडाळपर्यंत वेळ लागला होता, तोही त्या मुलाने मध्ये एकदाही काही विचारलं नाही म्हणून. तुझ्या सरांना आठवडा लागेल, कदाचित गणपतीची सगळी सुट्टी. तोवर शेल ड्रिल चालू ठेव.